पैठणीची प्राचीनता : एका समजुतीचें परीक्षण

दादर व गिरगांव येथील पेठांत पैठणी विकली जाते, तेव्हां तिच्यासमवेत दोन हजार वर्षांचा इतिहासही ग्राहकाच्या पदरांत घातला जातो. सातवाहनांच्या राजधानींत हें वस्त्र विणलें जाई व यवन व्यापारी तें सोन्याच्या मोबदल्यांत नेत, असें जाहिरातींतूनच नव्हे, तर लेखांतून व व्याख्यानांतूनही सांगण्याचा प्रघात पडला आहे. ही समजूत कोणत्या आधारावर उभी आहे, हें तपासणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या मताच्या पुष्टीसाठीं 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाचें नांव पुढें केलें जातें. इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेलें हें समुद्रमार्गांचें व बंदरांचें वर्णन होय. पैठण भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर असून तेथून पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर आहे, असें तो सांगतो. परंतु पुढील वाक्य नीट वाचावयास हवें. पैठणहून गाड्यांनीं भडोचला जाई तो अकीकासारखा मौल्यवान दगड. आणि साधें कापड, तलम मलमल इत्यादि वस्त्रें जात, तीं तगराहून. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलें. सारांश, ज्या साक्षीदारास पैठणच्या बाजूनें उभें केलें जातें, तोच कापडाचें श्रेय तेरला देतो. आणि या दोन्ही गांवांच्या मालांत रेशीम-जरीच्या वस्त्रांचें तो नांवही काढीत नाहीं.

व्यापाऱ्याचें मौन म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे, असा आक्षेप यावर निघेल, व तो योग्यच आहे. त्या काळीं पैठणांत रेशीम विणलें जात नव्हतें, असें या ग्रंथावरून म्हणतां येणार नाहीं. परंतु जें खोडतां येत नाहीं तें तेवढ्यानेंच सिद्ध होत नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांतील कमळ व पदरावरील कमळ यांचें साम्य दाखविणाऱ्यांसही आमचें हेंच उत्तर आहे. निश्चित भूमीवर आपले पाय टेकतात ते अठराव्या शतकांत; पेशव्यांच्या पत्रव्यवहारांत पैठणच्या वस्त्रांच्या मागण्या आढळतात. हा काळही थोडा नव्हे.

या वादांत काय बिघडतें, असें कोणी विचारील. पहिली गोष्ट ही कीं, तेरच्या अनाम विणकरांचा मान त्यांच्याकडून हिरावला जातो. दुसरी याहून गंभीर आहे. वस्त्राचें मोल त्याच्या वयावरून ठरूं लागलें, म्हणजे विणकराच्या हाताकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. खऱ्या पैठणीच्या काठापदरांत प्रत्येक रंगासाठीं बाण्याची निराळी कांडी चालते, शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून घेतले जातात, आणि म्हणून नक्षी उलट्या-सुलट्या दोन्ही बाजूंस सारखीच उमटते. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेतल्यानें वस्त्रांत धूपछाव खेळते. यंत्रमागावर जॅकार्डनें काढलेल्या नकलेच्या पाठीवर मात्र सुटे वा कातरलेले धागे दिसतात. पैठण व येवलें येथील या कामास २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरीही नकलेस तोच दोन हजार वर्षांचा इतिहास बिनदिक्कत चिकटविला जातो. दंतकथा असलनकल ओळखूं शकत नाहीं. कापडाची उलटी बाजू ओळखते.

परळ-लालबागच्या वस्तीस हें नव्यानें सांगावयास नको. १९८२ च्या संपानंतर तेथील बहुतेक गिरण्यांचे माग थांबले, तरी मागावर ज्यांच्या पिढ्या राबल्या त्या घरांना कापड उलटून पाहण्याचें महत्त्व ठाऊक आहे. अभ्यासकांनींही तोच मार्ग धरावा. पैठण-येवल्याच्या विणकरांच्या व जुन्या कुटुंबांच्या घरीं तारखांसह जीं पत्रें, पावत्या व वस्त्रें असतील, तीं पाहून नोंदवावीं. त्यांतून निघेल तो इतिहास कदाचित् आंखूड असेल. पण तो विणणाऱ्यांचा असेल.