स्थळप्रकारांची तुलना : समानता आणि समावेश

नकाशावरील स्थळांचे प्रकार संगणकाच्या आज्ञावलीत कसे मांडावेत, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो वर्गीकरणाचा, म्हणजेच अर्थविचाराचा प्रश्न आहे. ॲपल कंपनीने २०१९ साली ‘मॅपकिट’ या आपल्या आज्ञासंग्रहात ‘पॉइंट ऑफ इंटरेस्ट कॅटेगरी’ नावाची जी रचना आणली, तिचे परीक्षण या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

या रचनेत प्रत्येक प्रकारामागे एक ठराविक अक्षरमाला असते. दोन प्रकारांची तुलना म्हणजे दोन अक्षरमालांची तुलना. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. याचा लाभ उघड आहे. पडद्यावरील नाव कोणत्याही भाषेत असो, आतील चिन्ह अढळ राहते आणि हवे ते प्रकार निवडणे वा गाळणे सुलभ होते.

तथापि, अर्थसंबंधांपैकी केवळ तादात्म्यच येथे व्यक्त होते. ‘कॅफे’ हा ‘रेस्टॉरंट’पासून जितका भिन्न, तितकाच ‘एअरपोर्ट’पासूनही भिन्न ठरतो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, स्विफ्ट भाषेच्या नियमानुसार रिक्त मूल्ये परस्परांस समान असतात. म्हणून ज्यांना प्रकारच दिलेला नाही अशी दोन सर्वस्वी भिन्न स्थळे या तुलनेत सारखी ठरतात. वर्गाचा अभाव हाच येथे वर्ग होऊन बसतो.

२०२४ साली या यादीत ‘कॅसल’ आणि ‘फोर्ट्रेस’ असे दोन स्वतंत्र प्रकार दाखल झाले. सरदाराचे तटबंद निवासस्थान आणि निव्वळ लष्करी ठाणे हा भेद युरोपच्या इतिहासात सार्थ आहे. मराठीत मात्र गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट हा भेद भूमीवरून होतो. रायगड हा दुर्गही होता आणि राजधानीही. परंतु या रचनेत एका स्थळास एकच प्रकार लाभतो. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हाचे मूल्य शेजारच्या चिन्हांवरून ठरते. ‘म्यूझियम’शेजारी ‘कॅसल’ येताच ‘म्यूझियम’चे मूल्य पालटते. अक्षरमाला मात्र तीच राहते, आणि तुलनेला या पालटाची वार्ताही नसते.

२००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ची पद्धत येथे ताडून पाहावी. तेथे स्थळास ‘कॅसल’ म्हणून नोंदवून, तो लढाऊ किल्ला की राजवाडा, हे दुसऱ्या नोंदीत सांगता येते. दोन स्थळे वरच्या पातळीवर सारखी आणि खालच्या पातळीवर वेगळी असू शकतात. या पद्धतीत शिस्त कमी आहे, हे खरे. नोंदी करणाऱ्यांच्या मतभेदांस तीत पुष्कळ वाव राहतो. परंतु जातिवाचक आणि उपजातिवाचक शब्दांचा संबंध ती ओळखते.

सारांश, ॲपलची रचना समानतेच्या कसोटीस उतरते. वर्गीकरणाच्या कसोटीस ती अपुरी आहे. ‘हे तेच आहे काय?’ या प्रश्नाबरोबर ‘हे त्यात मोडते काय?’ हा प्रश्नही विचारता आला पाहिजे. तो विचारता येत नाही तोवर अशी यादी ही नामावली होय. तिला कोश म्हणता येणार नाही.