पन्नास टक्के सूट: वाचलं ते नेमकं काय?

आज टीका करायची आहे ती एका वाक्यावर. दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रात, मोबाइलवर ते रोज दिसतं. '२,००० रुपयांची साडी फक्त ९९९ मध्ये. तुम्ही वाचवले १,००१ रुपये!' यातली साडी खरी आहे. ९९९ रुपयेही खरे आहेत, ते तुमच्या खिशातून जाणार आहेत. प्रश्न आहे तो १,००१ चा. ते आहेत कुठे?

आपल्या नैयायिकांनी अभावाचा फार बारकाईने विचार केला आहे. 'इथे घागर नाही' असं म्हणायचं, तर घागर नावाची वस्तू जगात कुठेतरी असली पाहिजे. ज्याचा अभाव सांगायचा त्याला ते 'प्रतियोगी' म्हणतात. सशाचं शिंग मुळातच नाही, म्हणून ते प्रतियोगी होऊ शकत नाही. आता बचत म्हणजे काय? न झालेला खर्च, खर्चाचा अभाव. तुम्ही २,००० देऊन ती साडी घ्यायला निघालाच होता, तर १,००१ रुपये खरोखर वाचले. निघालाच नव्हता, तर तो न झालेला खर्च म्हणजे सशाचं शिंग. ९९९ मात्र गेले.

मग आनंद कशाचा होतो? रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये याचं उत्तर मांडलं. पुढे २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते म्हणतात, खरेदीत दोन सुखं असतात. एक वस्तूचं, दुसरं सौदा जिंकल्याचं. साडीचं सुख ती नेसली तर मिळतं. सौद्याचं सुख पैसे देतानाच मिळतं आणि घरी पोचेपर्यंत ओसरतं. कपाटात घडी न मोडलेल्या साड्या असतात ना, त्या बहुधा या दुसऱ्या सुखाच्या असतात.

बरं, तो २,००० चा आकडा आला कुठून? पाकिटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पण बहुतेक वस्तूंची ही किंमत सरकार ठरवत नाही, माल बनवणारा ठरवतो. कायदा म्हणतो, यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच. 'जास्तीत जास्त' असलेली किंमत जाहिरातीत 'खरी किंमत' होऊन बसते. आठवडी बाजारातही विकणारा भाव चढाच सांगतो. पण तिथं बाई म्हणते, 'बरोबर भाव लावा ना जी', आणि बोलणं दोन्हीकडून होतं. छापील आकड्याशी घासाघीस करता येत नाही. तो आधीच हरलेला असतो, तुम्हाला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून.

सगळा दोष दुकानदाराचा आहे, असंही नाही. अमेरिकेत जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपनं आणि सेल जवळजवळ बंद केले आणि सरळ कमी भाव लावले. त्या वर्षी विक्री सुमारे चौथ्या हिश्शाने घसरली. सुटीची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला सरळ भाव अळणी लागला. आपल्याकडे बिग बाजारने २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' केला, तेव्हा गर्दी आवरायला काही ठिकाणी पोलीस लागले. उलट डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं. रोजच कमी भाव, हे त्याचं धोरण, आणि तेही जोरात चाललं. म्हणजे सुटीची ओढ ही माणसाची प्रकृती नव्हे. ती लावलेली सवय आहे.

आता थोडी टीका टीकाकारांवरही. 'लोभ सोडा, गरजा कमी करा' हा उपदेश पोट भरलेल्यांचा आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात धान निघाल्यावर पैसा एकदम हातात येतो. दिवाळी आणि मंडईही त्याच सुमारास. वर्षभर पुढे ढकललेली खरेदी तेव्हा होते. ज्याच्या घरी पैसा मोजून येतो, त्याने स्वस्त वस्तू शोधणं हा लोभ नाही, तो व्यवहार आहे. पण नेमकं त्याच घराला खोट्या बचतीची किंमत जास्त पडते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. टक्के बघू नका, धान बघा. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे ९९९ रुपये झाले जवळजवळ ४२ किलो धान. काट मारलेला आकडा बोटाने झाका आणि विचारा: ही साडी ४२ किलो धानाची आहे का? उत्तर हो आलं, तर खुशाल घ्या, आनंदाने नेसा.

आणि 'फक्त दोन शिल्लक, दहा मिनिटं बाकी' अशी घाई मोबाइल करत असेल, तर एक लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या क्लृप्त्या नोंदवल्या आहेत, त्यात खोटी घाई आहेच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. विचार करायला जो वेळच देत नाही, त्याच्या मालाचा विचार तर आधी केला पाहिजे, नाही का?