टिकोच्या मदतीला धावलेले जग

विनोदी पुस्तकाची समीक्षा लांब चेहरा करून लिहू नये, असा एक संकेत आहे. टिको नावाच्या बेटाविषयी लिहिताना तो पाळणे जरा कठीण जाते. टिकोची माणसे कशाचाच फारसा ताप करून घेत नाहीत आणि त्यांच्या मदतीला धावून आलेले परदेशी तज्ज्ञ मात्र साऱ्याच गोष्टींचा ताप करून घेतात. या दोन जातींच्या गाठीभेटींतून जो हशा पिकतो, त्याचे पुस्तक म्हणजे ‘टेल्स ऑफ द टिकोंग्ज’. एपेली हाउओफा या टोंगन लेखकाचा हा छोटेखानी इंग्रजी कथासंग्रह १९८३ साली प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांत त्याची चर्चा सहसा ऐकू येत नाही. ती व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

टिको नकाशात शोधण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. पॅसिफिक महासागरातले ते एक कल्पित राष्ट्र आहे. पण लेखकाला ते इतके बारकाईने कसे ठाऊक, याचा उलगडा त्याच्या चरित्रातून होतो. हाउओफांचा जन्म १९३९ साली पापुआ न्यू गिनीत, टोंगन मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. ऑस्ट्रेलियात त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे काही काळ टोंगाच्या राजाच्या पदरी नोकरी केली आणि मग साउथ पॅसिफिक विद्यापीठाने टोंगात काढलेल्या ग्रामविकास केंद्राचा कारभार पाहिला. देणाऱ्यांचे नियम आणि घेणाऱ्यांचे चेहरे त्यांना जवळून पाहायला मिळाले, ते असे. २००९ साली फिजीतील सुवा येथे त्यांचे निधन झाले.

या विनोदाला काळाची एक पार्श्वभूमी आहे. १९६२ साली सामोआ, १९६८ साली नाउरू, १९७० साली फिजी, १९७५ साली पापुआ न्यू गिनी, अशी पॅसिफिकमधली बेटे एकामागून एक स्वतंत्र झाली. टोंगावरचे ब्रिटिश संरक्षणही १९७० सालीच संपले. साहेब एका दाराने गेला आणि सल्लागार दुसऱ्या दाराने आला. त्याच्या हातात बंदूक नव्हती, अहवाल होता. बंदुकीला विरोध तरी करता येतो, अहवालाला कसा करणार? तो तर तुमच्याच भल्यासाठी लिहिलेला असतो!

संग्रहातील कथांची बरीचशी शीर्षके बायबलातून उचललेली आहेत आणि विनोदही बायबलाला वळसा घालूनच येतो. देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली. टिकोत नेमके उलटे चालते. तिथे रविवारी प्रार्थनेचे इतके कष्ट उपसले जातात की उरलेले सहा दिवस थकवा घालवण्यात जातात. अशा देशाची उत्पादकता वाढवायला जो तज्ज्ञ येईल, त्याची काय अवस्था होत असेल, हे सांगायला नको. या सगळ्या गदारोळात मनू नावाचा एक इसम सायकलवर बसून विकासाविरुद्ध ओरडत हिंडत असतो. त्याचे कुणी ऐकत नाही. शहाण्या माणसाचे कुणी ऐकत नाही, हे टिकोच्या प्रगतीचे पहिले लक्षण म्हणायला हरकत नाही.

संग्रहातील सर्वांत धारदार कथा शेवटची, ‘द ग्लोरियस पॅसिफिक वे’. ‘पॅसिफिक वे’ हा शब्दप्रयोग फिजीचे पंतप्रधान कामिसेसे मारा यांनी १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत केला आणि तो गाजला. सामोपचाराने, एकमेकांना सांभाळून चालण्याची बेटांची रीत, असा त्याचा अर्थ. हाउओफांनी तोच शब्द आपल्या नायकाला आडनाव म्हणून बहाल केला आहे. त्याचे नाव ओले पासिफिकिवेई. या ओलेला एक निरुपद्रवी नाद आहे. जुन्याजाणत्यांच्या तोंडच्या कहाण्या आणि परंपरा तो फावल्या वेळात वह्यांत टिपून ठेवतो. त्याला हवे असते फक्त एक टंकलेखन यंत्र. परदेशी संस्थेचा साहेब भेटतो. पैसे द्यायला तो तयारच आहे. पण ते एकट्यादुकट्याला देता येत नाहीत, त्यासाठी कमिटी हवी! मागायला ओलेची जीभ रेटत नाही. हात पसरणे त्याला कमीपणाचे वाटते. तेव्हा मोठ्या कामासाठी माणसाने मानापमान बाजूला ठेवावा, अशी त्याची समजूत घातली जाते.

येथे मराठी वाचकाला सुदामा आठवल्यावाचून राहणार नाही. तोही मदतीसाठीच गेला होता. पण द्वारकेत पोचल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि जाताना तो रिकाम्या हाताने गेला नव्हता. काखेतले मूठभर पोहे हीच त्याची इभ्रत होती. श्रीकृष्णाचे मोठेपण असे की त्याने ती इभ्रत ओळखली, पोहे मागून घेतले आणि मग दिले. ओलेला भेटलेल्या श्रीकृष्णाला पोह्यांत रस नाही. त्याला पोह्यांचे अंदाजपत्रक हवे आहे.

पुढचा घाट पुस्तकातूनच वाचावा. ओले प्रशिक्षणासाठी परदेशी जातो आणि परत येऊन पाहतो तो त्याच्या वह्या नाहीशा झालेल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकून टाकलेल्या असतात. कशासाठी, ते दिवाळीच्या फराळाशेजारी ठेवायच्या अंकात स्पष्ट लिहिणे प्रशस्त नव्हे. पाण्याऐवजी कागद वापरणारे लोक तो कोठे वापरतात, एवढे वाचकांनी ध्यानात आणावे. ज्या ठेव्याच्या जतनासाठी एवढा खटाटोप, तोच असा वाहून गेला! दुसरा एखादा लेखक येथे थांबला असता आणि वाचकाने हळहळून पुस्तक मिटले असते. हाउओफा थांबत नाहीत. वह्या गेल्या म्हणून ओलेचे काहीच अडत नाही. कमित्या वाढतात, निधी वाढतो आणि जीभ न रेटणारा हा माणूस अखेरीस पट्टीचा याचक बनतो.

या कथेचे मर्म माझ्या मते येथे आहे. मदत वाया गेली, पैसे खाल्ले गेले, अशी तक्रार वर्तमानपत्रेही करतात. येथे कुणी पैसे खात नाही. सगळे नियमाप्रमाणे होते. नाहीशी होते ती ओलेची लाज. आरंभी जी लाज त्याला छळत होती, तीच त्याची शेवटची मालमत्ता होती, हे ती गेल्यावर वाचकाला कळते. ओलेला कळत नाही, आणि म्हणून हसता हसता घशात काहीतरी अडकते.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. बारा कथा एका बैठकीत वाचल्या तर लेखकाची युक्ती लवकरच ओळखीची होते. परदेशी पात्रे कापून काढलेल्या पुठ्ठ्याची आहेत. मदत करणाऱ्याच्या मनातही एखादा प्रामाणिक गोंधळ असू शकतो, याची दखल लेखक घेत नाही. याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. बेटावरची माणसे आळशी, लबाड आणि विनोदी, हे चित्र गोऱ्या अंमलदारांनी आधीच रंगवून ठेवलेले होते. हाउओफा त्याच चित्रावर हसवतात, तेव्हा ते नकळत त्या अंमलदारांचीच सोय करत नाहीत काय? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये आपल्याच समाजाची यथेच्छ टर उडवली, पण ती मराठीत, घरातल्या घरात होती. हाउओफांनी इंग्रजीत लिहिले. ते हसणे शेजारच्या ओसरीवरही ऐकू जाणार.

या आक्षेपाचे उत्तर दहा वर्षांनी खुद्द लेखकाकडूनच मिळाले. १९९३ साली त्यांनी ‘अवर सी ऑफ आयलंड्स’ हा निबंध लिहिला. आपली बेटे लहान, दरिद्री आणि कायमची परावलंबी आहेत, असे वर्गात शिकवताना बेटांवरूनच आलेल्या विद्यार्थ्यांचे चेहरे उतरलेले त्यांना दिसले आणि ते अस्वस्थ झाले. मग त्यांनी प्रश्नच फिरवला. बेटे लहान ठरवली कुणी? समुद्र वगळून फक्त जमीन मोजणाऱ्यांनी! ज्यांचे पूर्वज होड्यांतून तो महासागर ओलांडत होते, त्यांचे जग समुद्रासकट मोजले पाहिजे. परदेशी गेलेले आप्त घरी पैसे आणि वस्तू पाठवतात, त्यालाही पंडित परावलंबन म्हणतात. पण घरचे लोकही त्यांना आपल्याकडच्या वस्तू पाठवतात, त्यांच्यासाठी जमिनी आणि घरे राखतात. ही भीक नव्हे, देवघेव आहे. आपल्याकडे शेजारणीने पाठवलेले फराळाचे ताट रिकामे परत करत नाहीत. हाउओफांचे म्हणणे त्याहून वेगळे नाही.

निबंध वाचून पुन्हा कथांकडे वळले की त्यांतला राग स्पष्ट दिसतो. टिकोची माणसे हास्यास्पद होतात ती गरीब म्हणून नव्हे. आपल्या ताटात परत घालण्याजोगे काही नाही, हे दुसऱ्याचे म्हणणे त्यांनी खरे मानले म्हणून. १९७२ च्या दुष्काळात ज्या पिढीने शिधापत्रिकेवर परदेशी मिलो आणून भाकरी थापली, तिला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. भुकेला अन्न देणे हे पुण्यच आहे; हाउओफांचे त्याच्याशी भांडण नाही. त्यांचे भांडण आहे ते घेणाऱ्याच्या काखेतली पुरचुंडी न पाहणाऱ्या दात्याशी, आणि त्याहूनही अधिक, ती पुरचुंडी वाटेतच टाकून देणाऱ्या घेणाऱ्याशी.