विंथ्रॉप घराण्याचे दफ्तर : पत्र, खरेदीखत आणि दावा

१

घराण्यांच्या दफ्तरातील कागद हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाला मराठी समीक्षेने दिलेले उत्तर संदिग्ध आहे. बखरीला तिने गद्यवाङ्मयाच्या इतिहासात मानाचे स्थान दिले, परंतु वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतून जे कागद प्रकाशात आणले, ते बहुतांशी ‘साधने’च राहिले. या विभागणीमागे एक गृहीतक दडलेले आहे. ज्यात भावना व्यक्त होते ते वाङ्मय आणि ज्यात व्यवहार नोंदला जातो तो पुरावा, असे ते गृहीतक होय. ते कितपत टिकते हे तपासण्यासाठी सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या विंथ्रॉप घराण्याचे दफ्तर विशेष उपयुक्त आहे. वसाहत वसविणाऱ्या या घराण्याची पत्रे, जमिनीची खते आणि दाव्यांचे कागद बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने (स्थापना १७९१) जतन केले असून त्यांचा मोठा भाग छापलेलाही आहे. हे कागद एकमेकांपासून अलग काढून वाचणे म्हणजे त्यांचा अर्थच अर्धा करणे होय.

२

इंग्लंडमधील सफोक परगण्यातील ग्रोटन येथील जमीनदार जॉन विंथ्रॉप १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून अटलांटिक ओलांडून गेला. त्याची पत्नी मार्गारेट गर्भवती असल्यामुळे मागे राहिली. ती १६३१ च्या नोव्हेंबरात त्याला जाऊन मिळाली. या वियोगाच्या काळातील पत्रे हा दफ्तराचा सर्वांत परिचित भाग आहे. दर सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दोघांनी एकमेकांचे स्मरण करावे आणि प्रत्यक्ष भेट होईपर्यंत मनाने भेटावे, असा त्यांचा संकेत ठरला होता. पत्र हा लेखनप्रकार ज्या मूलभूत गरजेतून जन्मतो, तिचे हे बोलके उदाहरण आहे. जो येथे नाही त्याला शब्दांच्या आधारे येथे आणणे, हेच पत्राचे कार्य असते.

याच काळातील आणखी एक पत्र येथे लक्षात घ्यावयास हवे. नव्या भूमीवर उतरताच विंथ्रॉपचा मुलगा हेन्री बुडून मरण पावला. विंथ्रॉपच्या रोजनिशीत त्याची नोंद एका कोरड्या वाक्यात येते. पत्नीला लिहिलेल्या पत्रात मात्र मुलाचे नाव लागोपाठ दोनदा उच्चारले जाते. गव्हर्नराची संयमित नोंद आणि पित्याचा आक्रोश, हे एकाच हाताने केलेले दोन प्रकारचे लेखन आहे. लेखनप्रकार बदलला की लिहिणारा ‘मी’ही बदलतो, हे यातून स्पष्ट होते. खरेदीखताकडे वळताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

३

विंथ्रॉपचा थोरला मुलगा धाकटा जॉन याने १६३३ मध्ये अगावाम येथे वसाहत उभारली. तिचेच पुढे इप्सविच झाले. या जमिनीचे खरेदीखत मात्र २८ जून १६३८ चे आहे. अगावामचा मूलनिवासी प्रमुख मस्कोनोमेट याने २० पौंड घेऊन आपला सर्व हक्क धाकट्या जॉनला दिल्याचे त्यात नमूद आहे. ताबा आधी आणि खत पाच वर्षांनी, हा कालक्रम बोलका आहे. वडील विंथ्रॉपने १६२९ मध्येच असा युक्तिवाद मांडला होता की, मूलनिवासी जमिनीला कुंपण घालीत नाहीत, तीवर कायम वस्ती करीत नाहीत, गुरे पाळीत नाहीत. म्हणून तिच्यावर त्यांचा नैसर्गिक हक्क असला तरी नागरी हक्क नाही. हक्क नसेल तर तो विकत कशासाठी घ्यावयाचा? खरेदीखत हे त्या युक्तिवादातील अंतर्विरोधाचेच लिखित रूप आहे. ज्या क्षणी ते मूलनिवासींचा हक्क मान्य करते, त्याच क्षणी तो संपविते.

या खताची कथनरचना बारकाईने पाहावी. ते प्रथमपुरुषी आहे. मस्कोनोमेट ‘मी’ म्हणून बोलतो. रक्कम पावल्याचे सांगतो. खाड्या, नद्या, बेटे, अरण्ये, शिकार आणि मासेमारी यांवरील हक्क सोडतो. पण ही भाषा इंग्रजी कायद्याची आहे आणि तीतील प्रत्येक शब्द खरेदीदाराच्या बाजूचा आहे. विकणाऱ्याचे असे त्या कागदावर काय आहे? फक्त शेवटची निशाणी. मराठी महजरावर पाटलाची नांगराची निशाणी असते, तेव्हा वाचणारा आणि ती करणारा दोघेही तिच्या अर्थाच्या व्यवस्थेत नांदत असतात. मस्कोनोमेटच्या निशाणीला हे भाग्य नाही. तिचा त्याच्या लेखी जो काही अर्थ असेल तो कागदाबाहेर राहतो आणि कागदात तिला उरतो तो संमतीचा एकच अर्थ.

जागेचे नामकरणही असेच सूचक आहे. खतात उपसागराला अगावाम म्हटले आहे आणि इंग्रज आता त्याला इप्सविच म्हणतात, अशी पुस्ती जोडली आहे. ‘आता’ या एका क्रियाविशेषणात सत्तांतराचा सारा इतिहास सामावला आहे. सर्वांत भेदक आहे ते हरकत-निवारणाचे कलम. अन्य कोणी मूलनिवासी या जमिनीवर दावा सांगेल तर त्यापासून विंथ्रॉप आणि त्याचे वारस यांचे संरक्षण करण्याची हमी मस्कोनोमेट देतो. कायद्याच्या दृष्टीने हा खरेदीखतातील नेहमीचा मजकूर आहे. संहिता म्हणून वाचता मात्र त्याचा अर्थ फार वेगळा होतो. येथे एक माणूस आपल्याच लोकांविरुद्ध जामीन राहतो आणि तोही ‘मी’ या सर्वनामाच्या द्वारे.

जे. एल. ऑस्टिन याने (१९६२) उच्चारातूनच कृती घडते असे प्रतिपादले, तेव्हा त्याने त्या कृतीच्या सिद्धीसाठी दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या संकेतांची अट घातली होती. या खतात नेमकी ती अट संशयास्पद आहे. तरीही कृती सिद्ध झाली, कारण संकेताची उणीव सत्तेने भरून काढली. पत्र आणि खरेदीखत यांचा संबंध येथे स्पष्ट होतो. पत्र दूरच्या माणसाला जवळ आणते. खरेदीखत जवळ उभ्या असलेल्या माणसाला कायमचे दूर करते. ही दोन्ही कार्ये एकाच घरात, एकाच लेखनसंस्कृतीच्या बळावर चालत होती.

४

यावर असा आक्षेप संभवतो की, घरगुती जिव्हाळा आणि जमिनीचा व्यवहार ही वेगळी क्षेत्रे असून समीक्षक ती ओढून एकत्र आणीत आहे. दफ्तरातीलच एक पत्र या आक्षेपाचे निरसन करते. विंथ्रॉपचा मेहुणा इमॅन्युएल डाउनिंग याने १६४५ मध्ये त्याला लिहिलेले हे पत्र आप्ताने आप्ताला लिहिलेले आहे. त्यात नॅरॅगॅन्सेट लोकांशी युद्ध झाल्यास हाती लागणारे कैदी देऊन त्यांच्या बदल्यात आफ्रिकी गुलाम घ्यावेत असे सुचविले असून, वीस गुलामांना पोसणे एका इंग्रज नोकरापेक्षा स्वस्त पडते असा हिशेबही मांडला आहे. आत्मीयतेच्या स्वरात माणसांचा सौदा सांगणारे हे लेखन कोणत्या कप्प्यात ठेवावयाचे? ‘भावना’ आणि ‘व्यवहार’ ही विभागणी येथे कोसळते.

विभागणीचे काम पुढे संपादनाने केले. जोझेफ ट्विचेल याने १८९३ मध्ये जॉन आणि मार्गारेट यांची पत्रे प्युरिटन दांपत्याची प्रेमपत्रे म्हणून स्वतंत्र पुस्तकरूपाने काढली. त्यामुळे ती वाचकांपर्यंत पोहोचली हे खरे. पण ज्या दफ्तरातून ती आली त्यापासून तुटलीही. प्रेमपत्रे वाङ्मय झाली, खते पुरावा राहिली आणि डाउनिंगचे पत्र इतिहासकारांच्या वाट्याला गेले.

दाव्याचे कागद ही या दफ्तराची तिसरी बाजू. जॉनचा नातू वेट स्टिल विंथ्रॉप १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कनेक्टिकटच्या कायद्याप्रमाणे त्याच्या जमिनीत मुलगी ॲन हिलाही वाटा मिळत होता. मुलगा जॉन याने इंग्लंडच्या ज्येष्ठपुत्राधिकाराच्या आधारे सर्व स्थावर मिळकतीवर हक्क सांगितला आणि ॲनचा पती टॉमस लेचमिअर याच्याविरुद्धचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. १७२८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि कनेक्टिकटचा तो कायदा रद्दबातल ठरला. वकिली भाषेतील या वादात भाऊ आहे, बहीण आहे, मेहुणा आहे, वसाहत आहे, राजा आहे. ती भूमी मुळात ज्यांची होती, ते मात्र पक्षकार म्हणूनसुद्धा नाहीत. खरेदीखतात त्यांना निदान उसना ‘मी’ मिळाला होता. दाव्यात तोही उरला नाही.

तथापि हा अभाव सर्वत्र पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. १७०० च्या सुमारास मस्कोनोमेटच्या नातवंडांनी एसेक्स परगण्यातील अनेक गावांपुढे आपला वारसा मांडला. गावांनी त्यांना किरकोळ रकमा देऊन नवी हक्कसोडपत्रे करून घेतली. आजोबाच्या निशाणीने मिटला असे मानलेला प्रश्न नातवंडांनी इंग्रजी कागदाच्याच भाषेत पुन्हा उपस्थित केला, ही घटना लहान असली तरी तिचे मोल मोठे आहे.

५

जाक देरिदा याने १९९५ मधील आपल्या विवेचनात, ‘आर्काइव्ह’ या शब्दाच्या मुळाशी शासनाधिकाऱ्याचे निवासस्थान दर्शविणारा ग्रीक शब्द असल्याकडे लक्ष वेधले. विंथ्रॉपच्या बाबतीत ही व्युत्पत्ती अक्षरशः खरी ठरते. शासकाचे घर हेच दफ्तराचे घर होते. तेथे कागद जपले गेले ते केवळ स्मृतीखातर नव्हे. वारसा सिद्ध करण्याची गरजही त्यामागे होती. मार्गारेटची पत्रे टिकली तीही या वारशाच्या छायेत आणि पतीच्या पत्रांच्या तुलनेत थोडीच.

खरेदीखताचे असे वाचन केल्याने अन्यायाचे सौंदर्यीकरण होते, अशी भीती कोणी व्यक्त करील. नॅटली झेमन डेव्हिस हिने सोळाव्या शतकातील फ्रेंच माफीअर्जांचे कथनरूप तपासले (१९८७), तेव्हा त्यामागील गुन्हे सुंदर झाले नाहीत. अर्जदाराला कोणत्या साच्यात बोलावे लागले ते दिसले. खरेदीखताच्या बाबतीत समीक्षेचे कार्य हेच आहे. ‘मी’ कोणाचा, ‘आता’ केव्हाचे, निशाणीचा अर्थ कोणी ठरविला, हे प्रश्न व्याकरणाचे आणि कथनाचे आहेत. ते विचारण्याची साधने समीक्षेपाशीच आहेत. प्रेमपत्र तेवढे उचलून खत इतिहासकाराकडे सोपविणारी समीक्षा तटस्थ राहत नाही. कोणाचा आवाज वाङ्मय म्हणून ऐकावयाचा याचा त्या घराण्याने केलेला निवाडा ती नकळत कायम करते.