आज्ञा आचार्यांची, चेतना कोणाची?

ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या ‘झेन ॲट वॉर’ (१९९७) या ग्रंथाने जपानी आचार्यांनी साम्राज्यवादी युद्धाला दिलेला धर्माधार पुराव्यानिशी उघड केला. सम्राटशाहीला विरोध करणाऱ्या उचियामा गुदो यांचे भिक्षुपद सोतो पंथाने काढून घेतले. १९११ मध्ये त्यांना फाशी झाली. पद परत मिळायला १९९३ साल उजाडले!

ग्रंथाचा रोख आचार्यांवर आहे आणि तो रास्त आहे. परंतु १९३७ साली नानकिंगमध्ये निःशस्त्रांवर संगीन चालविणारा शिपाई त्यामुळे निव्वळ उपदेशाचा बळी ठरू लागतो. येथे आमचा मतभेद आहे. संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्तात योद्ध्यांचा ग्रामणी रणात मरणाऱ्याच्या स्वर्गाविषयी विचारतो. भगवान दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की, ‘हे मरोत’ या हीन चित्ताने लढणाऱ्याची गती नरकाची. ग्रामणी रडतो, तो आपल्या पूर्वाचार्यांनी दीर्घकाळ फसविले म्हणून. फसवणूक खरी, तरीही भगवान उत्तर बदलत नाहीत. वसुबंधू तर अभिधर्मकोशात सक्तीने भरती झालेल्यालाही दोषी धरतात. अपवाद फक्त प्राण गेला तरी मारणार नाही, असा निश्चय केलेल्याचा.

हा निकष कठोर आहे, विशेषतः गरिबाच्या पोरासाठी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये रंगविलेला सिद्धार्थ मात्र कोलियांविरुद्धचे युद्ध बहुमताने ठरल्यावरही त्यात उतरत नाही. कुटुंबावर बहिष्कार घालू नका, त्यांची जमीन जप्त करू नका, शिक्षा मला एकट्याला द्या, असे तो शाक्य संघाला सांगतो आणि परिव्रज्या घेतो.