‘नीसा’ आणि ‘मेरोस’ : एका समीकरणाची परीक्षा

ग्रीक पुराणांतील ‘नीसा’ हें स्थळ व त्याजवळील ‘मेरोस’ पर्वत यांचा उपयोग आपल्याकडे कधीं कधीं भारतीय भूगोलाचा पुरावा म्हणून केला जातो. ‘मेरोस’ म्हणजे आपला मेरु, हें त्याच्या मुळाशीं असलेलें समीकरण. तें कितपत टिकतें, एवढेंच येथें पाहूं.

मद्यदेव डायोनिसस याचें बालपण नीसा येथें गेलें, अशी कथा आहे. तिचा उल्लेख ‘इलियड’च्या सहाव्या सर्गांत येतो. एक होमरीय स्तोत्र तिला फिनीशियापासून दूर, मिसर देशाच्या नदीजवळ ठेवितें. हिरोडोटस इथिओपियांत ठेवितो. सारांश, हें एका निश्चित गांवाचें नांव नव्हे. देवाची कथा जेथें गेली तेथें तें गेलें.

सिकंदर इ. स. पू. ३२७-२६ मध्यें काबूल व सिंधु या नद्यांमधील प्रदेशांत आला, तेव्हां नांवही तेथें पोंचलें. एरियनच्या वृत्तान्ताप्रमाणें तेथील अकूफिस नामक पुढाऱ्यानें, आपलें नगर डायोनिससनेंच वसविलें असें सांगून त्याचें स्वातंत्र्य मागितलें. देव पोंचला तेथवर आपण आलों, आतां त्याच्याही पुढें जाऊं, या विचारानें सिकंदरास ही कथा रुचली. एराटोस्थेनिस मात्र अशा कथा सिकंदराच्या गौरवार्थ फुगविलेल्या मानीत असे, हें एरियनच नमूद करितो. साक्षीदार स्वतःच साशंक असतां आपण निःशंक कां व्हावें?

आतां मेरोस. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ मांडी. झ्यूसनें डायोनिससला गर्भावस्थेंत आपल्या मांडींत शिवून ठेविलें, यावरून तें नांव पडलें, असें त्या वृत्तान्तांतच आहे. तेथील लोकांच्या तोंडचा ‘मेरु’सारखा एखादा शब्द ऐकून ग्रीकांनीं त्यास आपली कथा जोडिली असेल, हें अशक्य नाहीं, पण तें अनुमान होय, प्रमाण नव्हे. पुराणांतील मेरु सुवर्णमय, जंबुद्वीपाच्या मध्यभागीं उभा; हा मेरोस सिकंदर सैनिकांसह सहज चढून गेला. शिवाय ग्रीक ‘मेरोस’चा संस्कृतांतील सगोत्र शब्द म्हणून भाषाशास्त्रज्ञ ‘मेरु’ नव्हे, तर ‘मांस’ हा देतात.

आम्हीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत हें समीकरण मोठ्या अभिमानानें शिकविलें. ध्वनिसाम्य कानास गोड लागलें, आणि मूळ वृत्तान्त उघडून पाहण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं. ती चूक येथें पदरीं घेतों. मेरूच्या थोरवीस सिकंदराच्या सैन्याची साक्ष लागत नाहीं. आणि इतिहासास तर गोड लागणारी साक्ष आधीं तपासून घ्यावी लागते.