सार्वभौमत्व कुणाचे?

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर जे विपुल लेखन झाले, त्यात निजामाची राजवट एका बाजूला आणि भारतीय संघराज्य दुसऱ्या बाजूला उभे असते. गावकुसाबाहेरचा माणूस या मांडणीत क्वचितच दिसतो. दिसलाच तर कुणाच्या तरी पाठीमागे. त्याच्यापुढे स्वतःचा असा घटनात्मक प्रश्न होता, याची दखल प्रस्थापित इतिहासलेखनाने फारशी घेतलेली नाही.

हा प्रश्न समजून घेतला पाहिजे. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिशांची अधिसत्ता संपली. हैदराबादजवळ स्वतःचे चलन, रेल्वे आणि टपाल होते. निजामापुढे तीन वाटा होत्या : पूर्ण स्वातंत्र्य, भारताशी कराराने जोडलेले स्वायत्त अस्तित्व किंवा विलीनीकरण. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार हा दुसऱ्या वाटेवरचा वर्षभराचा मुक्काम होता. पुढे १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४१ क्रमांकाच्या ठरावात वसाहतींसाठी अशाच तीन वाटा सांगितल्या. कुक बेटांनी १९६५ मध्ये न्यूझीलंडशी मुक्त सहयोग पत्करला, तो यांपैकीच एका वाटेने. पण त्या ठरावात एक अट होती. सहयोग असो वा सामीलीकरण, निवड तेथील लोकांनी स्वेच्छेने आणि लोकशाही मार्गाने केलेली असली पाहिजे. हैदराबादेत निवड करणारा एकटा निजाम होता आणि त्याचे फर्मान हाच कायदा होता.

बाबासाहेबांनी जून १९४७ मध्येच निवेदन काढून संस्थानांचा स्वतंत्र होण्याचा दावा खोडून काढला होता. अधिसत्ता ब्रिटिशांबरोबर लोपत नाही, ती भारताकडे येते, असा त्यांचा कायदेशीर युक्तिवाद. नोव्हेंबरात त्यांनी हैदराबादेतील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असे स्पष्ट बजावले. तरीही औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर १९४८ मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांकडे गेले, बी. एस. वेंकटराव निजामाचे मंत्री झाले. त्यांना देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सवर्णांच्या बहुमताच्या राज्यात आमचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. उत्तर मात्र त्यांनी सिंहासनाच्या सावलीत शोधले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली तेव्हा ती सावलीही उरली नाही. प्रश्न तेवढा राहिला.

त्या प्रश्नाला बाबासाहेबांनी १९५५ च्या ‘भाषावार राज्यांसंबंधी विचार’ या पुस्तिकेत हात घातला. मराठी मुलुखाची चार राज्ये करावीत, असे त्यांनी सुचवले : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आपला मराठवाडा मध्य महाराष्ट्रात येणार होता. स्वतंत्र मराठवाड्याची भाषा करणारे आज हा नकाशा मोठ्या हौसेने पुढे करतात. पण त्याच पुस्तिकेत एका मोठ्या जातीच्या बहुमताखाली लहान समाज कसा भरडला जातो, याचे रोखठोक विवेचन आहे. आणि उपाय म्हणून अनेक सदस्यांचे मतदारसंघ व एकत्रित मतदानपद्धती सुचवली आहे. आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता आली, तर अल्पसंख्याकालाही आपला प्रतिनिधी निवडता येतो. नकाशा आणि संरक्षण ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. नकाशा उचलून संरक्षण टाकून देणारा बाबासाहेबांचा अर्धाच विचार घेतो, आणि अर्धा विचार घातक ठरतो.

याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या गावोगावी दलितांच्या वस्त्या पेटल्या. त्या वेळी विरोधकांच्या तोंडी ‘मराठवाड्याची अस्मिता’ हाच शब्द होता. तो मुंबईने शिकवला नव्हता. सत्तेचे केंद्र जवळ आले म्हणजे न्याय जवळ येतो, हा भ्रम त्या आगीत जळायला हवा होता. राज्य लहान झाले असते, तर पाटलाच्या वाड्यापासून मंत्रालयाचे अंतर तेवढे कमी झाले असते.

संविधानाच्या कलम ३७१(२) ने वैधानिक विकास मंडळाची तरतूद केली. मराठवाड्याचे मंडळ १९९४ मध्ये आले. विद्यापीठाचा नामविस्तारही त्याच वर्षी झाला. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मागासलेपणाची चर्चा झाली ती दांडेकर समितीच्या धर्तीवर, सिंचन, रस्ते, वीज यांच्या अनुशेषाची, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करून. त्याच जिल्ह्यातल्या दलितवस्तीचा अनुशेष मात्र त्या हिशेबात वेगळा मांडला गेला नाही. प्रदेशाचा मागासलेपणा मोजायचा आणि प्रदेशातल्या जातीचा झाकायचा, ही आपल्या प्रादेशिकतेची जुनी खोड आहे.

म्हणून स्वायत्ततेची प्रत्येक मागणी, मग ती वेगळ्या राज्याची असो वा मंडळाची, आपण एकाच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे. तिच्या मसुद्यात गावकुसाबाहेरच्या माणसाच्या मताला, जमिनीला आणि जिवाला कोणती हमी लिहिली आहे? हमी नसेल, तर सिंहासनावर कोण बसतो एवढाच फरक पडेल. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १९५५ ची ती पुस्तिका नकाशाचे पान उलटून पुढे वाचावी.